आईच्या आवाजातला राक्षस

बाईंची मला भीती वाटायची, हे आधीच सांगून टाकते. त्यांच्याबद्दल आता कोणी चांगलं बोललं की मीही मान हलवते, पण त्यांच्या घरात राहत होते तेव्हा त्यांच्या चपलांचा आवाज अंगणात वाजला तरी मी हातातलं काम टाकून दाराआड व्हायचे.

त्या आमच्या घरमालकीण. किन्हवलीत बाजार संपून भातखाचरं सुरू होतात तिथे त्यांचं कौलारू घर आहे. त्यातल्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहत होतो. मी आरोग्य केंद्रात नर्स. सानूचे बाबा कल्याणला नोकरीला. पहाटे बाइकने आसनगाव स्टेशन गाठायचे, आणि परत यायचे तेव्हा सानू झोपलेली असायची. सानू तेव्हा सात वर्षांची होती.

बाई प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नव्हतं. सगळं गाव त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचं. त्यांचं खरं नाव मी पहिल्यांदा वाचलं ते लाइटच्या बिलावर. उंच, हडकुळ्या, केस स्वतःच कात्रीने कापलेले. साडीवर पुरुषी शर्ट घालायच्या आणि शर्टाच्या खिशात खडू. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायच्या, आणि आपलं बोलून झालं तरी नजर काढायच्या नाहीत.

त्यांच्या घरात शिरायचं तर शब्द लागायचा. रोजचा वेगळा. फाटकाला एक पाटी टांगलेली असे, तिच्यावर खडूने काहीतरी खूण काढलेली. ती बघून शब्द ओळखायचा. दूधवाला किटली घेऊन फाटकाबाहेर उभा राहायचा आणि ओरडायचा, “बाई, भेंडी?”

“नाय.”

“पडवळ?”

“पडवळ असं वाकडं असतंय व्हय रे? नीट बघ.”

गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन उभा राहिलेला मी स्वतः पाहिला आहे. बिचारा शेवटी रडकुंडीला येऊन ‘मगर’ म्हणाला आणि आत आला. आम्ही सामानाचा टेम्पो घेऊन आलो त्या दिवशी पाटीवर एक वर्तुळ आणि त्याला चार पाय होते. मला काही सुचेना. टेम्पोवाला कावलेला. सानू पुढे होऊन म्हणाली, “कासव.” बाईंनी फाटक उघडलं आणि माझ्याकडे न बघता तिला विचारलं, “तुझ्यासंगं हे कोण?”

“आई आणि बाबा.”

“चालतील,” बाई म्हणाल्या.

त्यांची एकच अट होती. रविवारी चार ते सहा खेळ. घरातल्या सगळ्यांनी. “बाप पण,” त्यांनी बजावलं. “बाप नाय आला तर खोली खाली करायची.”

मला वाटलं, गंमत करतात. पहिल्या रविवारी चार वाजता त्यांनी आमचं दार काठीने ठोकलं.

अंगणात त्यांचा पुतण्या, त्याची बायको आणि त्यांची दोन मुलं आधीच येऊन बसली होती. त्यांचं घर शेजारीच, भातशेती आणि एक ईको गाडी. मधोमध बाईंची पत्र्याची ट्रंक. तीतून काय काय निघालं! कागदाच्या लगद्यात मेथीची पूड घालून केलेले मुखवटे. सुकलेल्या दुधीच्या पोटात डोळे कोरलेला एक म्हातारा. भाताच्या पेंढ्याच्या वेणीची शेपटी. आणि पंख – दोन जुनी सुपं, त्यांना खांद्यात अडकवायचे पट्टे शिवलेले. सगळ्यात लहान माणसाने खेळातल्या देशाला नाव द्यायचं, बाई खडूने अंगणभर त्या देशाचा नकाशा काढणार, आणि मग ज्याला त्याला त्याचं सोंग मिळणार. मुलांनी राज्य करायचं, मोठ्यांनी ऐकायचं.

सानूच्या बाबांचा आठवड्यातला झोपेचा तो एकच दिवस. ते डोळे चोळत उभे. बाईंनी त्यांना नीट न्याहाळलं.

“तुमी दगड. त्या पायरीशी पडून ऱ्हावा. पण दगड बोलका हाय. कोणी विचारलं की खरं बोलायचं.”

ते खुशीने आडवे झाले. सानूने सुपाचे पंख लावले, उडत उडत दगडाजवळ गेली आणि विचारलं, “दगडा, तू रोज अंधारात कुठे जातोस?”

दगड आधी हसला. मग सांगायला लागला. कोणत्या गाडीला उभं राहावं लागतं, ऑफिसात कोण ओरडतं, डबा कुठे बसून खातो, तिला काय आणायचं ठरवलं होतं आणि दुकान बंद झालेलं असतं. चाळीस मिनिटं तो बोलत होता, आणि सानू त्याच्या छातीवर हनुवटी टेकून ऐकत होती. माझ्या लग्नाला दहा वर्षं झाली होती. मला त्यातलं अर्धं ठाऊक नव्हतं.

इथपर्यंत सगळं छानच वाटेल. मला भीती वाटायची ती पुढच्या भागाची.

दर रविवारी खेळ संपताना बाई एकेकाला विचारायच्या, “तू कशाला भितोस?” ज्याची पाळी त्याने खरं सांगायचं, आणि पुढच्या रविवारी त्याच भीतीचा राक्षस तयार. पुतण्या म्हणाला, रानडुकरं भात लोळवतात त्याची. तर आठवड्याने सुळेवाला मुखवटा हजर. सानू न्हाणीघराच्या मोरीला भ्यायची, तिच्या भोकातून कोणीतरी बघतं म्हणून. बाईंनी काळ्या कापडाचा लांबलचक मोरीराक्षस शिवला आणि तो सानूच्याच अंगात घातला. त्यानंतर ती एकटी आंघोळीला जायला लागली.

“भ्यायचं तर घरातल्या सगळ्यांनी मिळून भ्यायचं,” बाई म्हणायच्या. “एकेकट्यानं भ्यालं की ते आंगात मुरतं.”

त्यांच्या राक्षसांचे नियम मात्र पक्के होते. राक्षसाला उडता येतं, पाण्यात राहता येतं, कोणाचंही रूप घेता येतं. कोणाच्याही आवाजात हाक मारता येते.

“आईच्या पण?” पुतण्याच्या धाकट्याने विचारलं.

“आईच्या तर आदी.” बाईंनी आवाज खाली आणला. “म्हणून रानात कोणी हाक मारली तर ओ द्यायची नाय. शब्द विचारायचा.”

“मग राक्षस ओळखायचा कसा?” सानूचा प्रश्न.

“त्याला एक गोष्ट येत नाय. आपुन कशाला भितो ते त्याला सांगता येत नाय. ते ज्याला सांगता येतं तो राक्षस नाय.”

मुलं डोळे विस्फारून ऐकत होती. आरोग्य केंद्रात मी रोज आयांना सांगत असे, मुलांना असलं काही सांगून घाबरवू नका. आणि इथे माझीच मुलगी शिकत होती की आईच्या हाकेला ओ द्यायची नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, “पालीला.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. “खोटं.”

“खरंच बाई, पालीला मी—”

“पुढच्या रविवारी सांग.”

पुढच्या रविवारी मी उंचीला भिते म्हणाले. तेही खोटं. त्यांनी नकाशा पायाने पुसला आणि आत निघून गेल्या.

खरं मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं. सानूच्या आधी आम्हाला एक मुलगा झाला होता. नऊ दिवस जगला. मी नर्स, माझ्या मांडीवर होता, आणि त्याचा श्वास कधी थांबला ते मला कळलं नाही. त्यानंतर घरात त्याचा विषय निघाला नाही. सानूच्या बाबांनी काढला नाही, मी काढला नाही. सानूला तर तो होता हेच ठाऊक नव्हतं. पण सात वर्षांची झाली तरी ती झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरून बघायचे. शाळेतून यायला दहा मिनिटं उशीर झाला तर केंद्रातून फोन करायचे. नदीवर नाही, झाडावर नाही, मैत्रिणीकडे नाही. बाईंनी हे सगळं पाहिलं असणार. त्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

माझ्या नजरेतून मात्र सुटलं, आणि मी तर त्या कामाचा पगार घेत होते. एकदा दूधवाल्याने पाच शब्द सांगितले, सहावा सांगितला, आणि बाई फाटकाशी नुसत्या उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, “जा, आज सुट्टी.” एकदा सानूला त्यांनी दुसऱ्याच कोणाच्या तरी नावाने हाक मारली. वालाच्या बिरड्यात मीठ दोनदा पडलं. मी त्यांचं बी.पी. तपासलं, चांगलं निघालं, आणि वय झालं म्हणून सोडून दिलं. खेळात सानू त्यांना विचारायची, “बाई, तुम्ही कशाला भिता?” तेव्हा त्या म्हणायच्या, “माझी पाळी शेवटी.”

मग एका रविवारी त्यांनी ट्रंकेतून एक टोपी काढली. मच्छरदाणीच्या कापडाची, वर ऐनाच्या झाडाची सुकी पानं टाचलेली. ही घातली की माणूस दिसेनासा होतो. टोपीवाल्याने एक शब्द बाईंच्या कानात सांगायचा आणि लपून बसायचं. मग कोणी कितीही बोलावलं तरी हलायचं नाही, ओ द्यायची नाही. बाईंनी तो शब्द मोठ्याने म्हटला की बाहेर यायचं.

पहिल्यांदा सानू पाच मिनिटं लपली. अंगणातच कुठेतरी. बाईंनी माझं मनगट पकडून ठेवलं होतं.

“दम धर गो. हितंच हाय ती.”

“मला नाही आवडत हे.”

“ठाव हाय.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा खेळ सानूसाठी नव्हताच, माझ्यासाठी होता. मी मनगट सोडवून घेतलं. मी घरात येऊन सानूच्या बाबांना म्हटलं, आपण दुसरी जागा बघू.  ते म्हणाले, “सानू हसते गं इथे. मी पण.”

डिसेंबरातला रविवार होता. भात झोडून झालं होतं, पुतण्याची गाडी मोकळी होती. बाई म्हणाल्या, या वेळी अंगण पुरायचं नाय, रानात जाऊ. सगळे ईकोत कोंबून बसलो आणि सरळगाव, म्हसा करत सिद्धगडाच्या पायथ्याशी गेलो. तांदळाच्या भाकऱ्या, उसळ, मुलांचा कलकलाट. झाडी दाट, खाली पाचोळा गुडघाभर. मोबाइलची रेंज म्हशालाच सुटली होती. वाटेत लाकडाची मोळी घेतलेल्या एका म्हातारीने पुतण्याला सांगितलं, “पाचाच्या आत निंगा. वाघरू फिरतंय या अंगाला.” बिबट्याला तिकडे वाघरूच म्हणतात. ते ऐकल्यापासून मी सानूचा हात सोडला नाही.

आधी एक खेळ झाला, आगीच्या पक्ष्याचं अंडं शोधायचा. अंडं म्हणजे लाल रंगवलेला दुधी. तो पुतण्याच्या मुलांना सापडला. सव्वातीनच्या सुमारास बाईंनी पिशवीतून टोपी काढली.

“नको,” मी म्हटलं.

“सिस्टर, पंदरा मिनिटं. या कातळापास्नं त्या वढ्यापत्तुर. वढ्याच्या पल्याड जायाचं नाय, काय गो सानू?”

“नाही जाणार,” सानू म्हणाली. तिने माझ्या मुठीतून हळूच बोटं सोडवून घेतली. बाईंच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं, टोपी चढवली आणि पाचोळ्यातून पळाली. थोडा वेळ सळसळ ऐकू आली. मग थांबली.

पंधरा मिनिटं मी घड्याळाकडे बघत होते. “झाली. बोलवा तिला.”

बाईंनी तोंड उघडलं. आणि तसंच उघडं राहिलं.

मला वाटलं, नाटक आहे. “बाई, पुरे. बोलवा.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ती नेहमीची नजर नव्हती. एखाद्या अनोळखी स्टेशनात उतरलेल्या माणसासारखी त्यांची नजर सगळीकडे फिरत होती. अगदी बारीक आवाजात त्या म्हणाल्या, “शब्द गेला.”

“गेला म्हणजे?”

“आत्ता होता. तिनं सांगितलान. आत्ता होता हितं.” त्या आपल्या कानाला हात लावून उभ्या होत्या.

मी धावत सुटले. “सानू! सानूऽ! खेळ संपला, ये!” हाक पलीकडच्या कड्यावर आपटून परत आली. बाकी काही नाही. मी पुन्हा ओरडले, आणखी मोठ्याने. सानूचे बाबा ओढ्याकडे धावले. पुतण्या आणि त्याची बायको मुलांना गाडीत बसवून दुसऱ्या बाजूने गेले. झाडामागे, कातळाच्या फटीत, कारवीच्या जाळीत. आम्ही ज्या पाचोळ्यातून धावत होतो त्याचाच इतका आवाज होत होता की ती बोलली असती तरी कळलं नसतं. मग सगळ्यांनी एकदम थांबून ऐकायचं ठरवलं. थांबलो. तेव्हाची शांतता मी कधी विसरणार नाही.

“शब्द वरडू,” पुतण्या म्हणाला. “कायतरी लागंल.”

चार मोठी माणसं रानात उभी राहून शब्द ओरडायला लागलो. कासव. मगर. पतंग. तिच्या मैत्रिणींची नावं. श्रीखंड. तिच्या शाळेतल्या बाकाचा नंबर. सानूच्या बाबांचा आवाज फाटला होता. एरवी कोणी ऐकलं असतं तर हसलं असतं. आमच्यापैकी कोणाला हसू येत नव्हतं, कारण प्रत्येक शब्दानंतर आम्ही थांबत होतो, आणि प्रत्येक वेळी काहीच येत नव्हतं.

साडेचार वाजून गेले. ओढ्याच्या घळीतलं ऊन संपलं होतं. पुतण्या ओढ्यापलीकडे जाऊन आला. पलीकडे दहा-बारा पावलांवर उतार तुटून खाली खोल दरी होती. तो मला ते सांगत नव्हता, त्याच्या बायकोला सांगत होता, पण मला ऐकू आलं.

मी बाईंकडे गेले. त्या कातळावर बसून होत्या. मी त्यांना दोन्ही खांद्यांना धरलं आणि हलवलं. अडुसष्ट वर्षांच्या बाईला मी गदागदा हलवलं. “आठवा! काय म्हणाली ती? आठवा!”

“नाय येत गो,” त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “लय दिस झाले, असंच होतंय. कोणाला सांगितलं नाय. सिस्टर, मी त्यालाच भितंय. दुसऱ्या कशाला नाय.”

माझे हात त्यांच्या खांद्यांवर तसेच राहिले. आणि तेव्हा मला उमगलं की सानू हाका ऐकत असेल. ती जिवंत असेल, जवळ असेल, तर माझी प्रत्येक हाक ऐकत असेल. आणि तिला शिकवलेलं होतं की आईच्या आवाजात हाक मारणारा कोण असतो.

राक्षसाला काय येत नाही, तेही तिला शिकवलेलं होतं.

मी ओढ्याच्या काठी गेले.  कुठून सुरू करायचं ते कळेना. मग मी खालीच बसले आणि साध्या आवाजात, पण मोठ्याने बोलायला लागले.

“सानू, मी कशाला भिते ते सांगते. पालीला नाही. तुझ्या आधी तुला एक भाऊ झाला होता. नऊ दिवसांचा होता. माझ्या मांडीवर होता, आणि मी जागी होते, आणि तो गेला ते मला कळलं नाही. मला कळायला पाहिजे होतं. तेव्हापासून मला वाटतं, मी नजर काढली की तू पण जाशील. म्हणून तुला कुठे सोडत नाही. शाळेत सोडते तेव्हापण भिते. आत्ता भिते. सानू, मला इतकी भीती वाटते की मला उभं राहता येत नाही.”

मागे सानूचे बाबा येऊन उभे होते. ते म्हणाले, “मी पण. मी म्हणून उशिरा घरी येतो. घरात त्याचे कपडे अजून आहेत ना.” मी लपवून ठेवलेले ते कपडे त्यांना माहीत आहेत हेच मला माहीत नव्हतं.

ओढ्याच्या अलीकडेच, आमच्यापासून वीसेक पावलांवर, कारवीच्या जाळीमागे एक पडलेला सुका बुंधा होता. त्याच्या पोकळीवरून पुतण्या दोनदा उडी मारून गेला होता. तिथे पानं हलली आणि टोपी वर आली.

ती चालत आली. फ्रॉक ओला होता. भीतीने लघवी झाली होती. दात वाजत होते. माझ्यापासून चार हातांवर थांबून तिने विचारलं, “त्याचं नाव काय होतं?”

“ठेवलं नव्हतं अजून.”

मग ती माझ्या अंगावर कोसळली. कितीतरी वेळाने माझ्या मानेत तोंड खुपसूनच म्हणाली, “तू ओरडत होतीस ना, तेव्हा मला राक्षसच वाटला. जितकी जास्त ओरडलीस तितकी खात्रीच झाली. मी तोंडात टोपी कोंबली, आवाज यायला नको म्हणून.”

 परतीच्या वाटेत बाई गाडीत मागच्या सीटवर खिडकीला टेकून होत्या. म्हशाला चहाला थांबलो तेव्हा त्यांनी सानूला जवळ बोलावून विचारलं, “काय होता गो शब्द?”

“खोली,” सानू म्हणाली. “आपली खोली. तुमच्या घरातली.”

बाईंनी मान हलवली. मी सानूला ओढून घेतलं आणि पुतण्यासमोर, त्याच्या बायकोसमोर बाईंना म्हटलं, “पुन्हा कोणाचं मूल हातात घेऊ नका. तुम्ही माणूस नाही आहात.” असंच म्हटलं. शब्दन् शब्द. 

आठ दिवसांत आम्ही शहापूरला जागा घेतली आणि मी बदलीही तिकडेच मागून घेतली. निघताना बाई फाटकाशी आल्या नाहीत.

शहापूरला काही गोष्टी बदलल्या. त्या बाळाला सानूने नाव ठेवलं, आणि आता घरात ते नाव घेतलं जातं. ते कपडे मी आणि तिच्या बाबांनी मिळून बाहेर काढले, उन्हात घातले. रविवारी चार वाजता ती दोघं काहीतरी मांडतात, जुन्या चादरीचा डोंगर, पुठ्ठ्याची होडी, आणि मलाही बोलावतात. मी अजून शाळेत फोन करते, पण रोज नाही. हे सगळं कोणामुळे झालं ते मला कळत होतं. तरी किन्हवलीचा विषय निघाला की माझा चेहरा बघून दोघं गप्प बसायची. अकरा महिने मी तिकडे फिरकले नाही. राग होता, हे खरं. पण त्याहून जास्त मी तिथे काय बघावं लागेल त्याला भ्यायचे.

मग एक दिवस पुतण्याच्या बायकोचा फोन आला. “सिस्टर, बाय लय भितात वो. आंगणात पन येत नाय. औषधाचं कायतरी बघा ना.”

मी गेले. फाटकावर पाटी नव्हती, फाटक नुसतं लोटलेलं. बाई ओटीवर भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. शर्ट उलटा घातलेला. मला बघून त्या मागे सरकल्या, दोन्ही पाय पोटाशी घेतले आणि मोठ्यांदा म्हणाल्या, “कोण? कोण हाय?”

“मी. सिस्टर.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. ओठ हलले. तो शब्द त्यांनी तोंडातल्या तोंडात घोळवून पाहिला.

“शिष्टर म्हंजे भैन ना गो?”

“हो.”

“कोणाची?”

मी पायरीवर उभी होते. पुतण्याची बायको दारात पदर तोंडाला लावून उभी होती.

“तुमची,” मी म्हटलं.

बाईंनी पाय हळूहळू खाली सोडले. बाजूची गोधडी उचलून मांडीवर घेतली, मला बसायला जागा करून दिली. आणि माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, “मंग येवढा उशीर का केलास?”

मी चपला काढल्या आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले.